सेंट अँड्र्यूजचं गायरान: सुट्टीत ओल्ड कोर्सवर खेळायचं तर

गोल्फ म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर उंच कुंपण, फाटकावरचा पहारेकरी आणि पंधरा वर्षांची सभासदत्वाची प्रतीक्षायादी येते. जगातलं सगळ्यात नावाजलेलं गोल्फ मैदान मात्र गावच्या गायरानासारखं आहे. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, फाइफमधल्या सेंट अँड्र्यूज गावात, गाव आणि समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या पट्ट्यावर ओल्ड कोर्स पसरला आहे. जिथून डाव सुरू होतो त्या पहिल्या ‘टी’च्या मागची दगडी इमारत ‘रॉयल अँड एन्शंट’ या 1754 सालच्या खासगी क्लबची. मैदान या क्लबच्या मालकीचं नाही. या जमिनीवर खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क 1552 च्या सनदेत नोंदवलेला आहे, आणि 1974 च्या संसदीय कायद्यानुसार स्थापन झालेला सेंट अँड्र्यूज लिंक्स ट्रस्ट आज तिथली सातही सार्वजनिक मैदानं चालवतो.

म्हणजे ओळखपाळख नसलेला, मुंबईहून वा लंडनहून आलेला पाहुणाही तिथे खेळू शकतो. अडचण एकच, ओल्ड कोर्सवर खेळायला रांग फार मोठी. ती सोडतीने सोडवतात, आणि सोडत म्हटली की ती लागेलच असं नाही. त्यामुळे सहलीची आखणी ‘ओल्ड मिळाला नाही तरी दिवस चांगले जातील’ अशीच करावी लागते. ओल्डवरच सगळी भिस्त ठेवून एका रात्रीसाठी येणारे बहुतेक जण हात हलवत परततात.

कधी जावं

मे ते सप्टेंबर हा हंगाम. जूनच्या शेवटाला तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, म्हणजे दुपारी चारला सुरू केलेला डावही निवांत संपतो. जुलैतही कमाल तापमान अठरा-एकोणीस अंशांच्या आसपासच असतं, आणि वाऱ्यात ते बाराचं वाटतं. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला समुद्रावरून ‘हार’ नावाचं धुकं येतं. दहा मिनिटांत ते पुढचा झेंडा गिळून टाकतं आणि तासाभरात नाहीसंही होतं.

नोव्हेंबर ते मार्च दर बरेच उतरतात, पण त्या काळात ओल्डच्या फेअरवेवर, म्हणजे टी आणि होल यांच्यामधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, चेंडू छोट्या चटईच्या तुकड्यावर ठेवून मारावा लागतो. गवताला विश्रांती मिळावी म्हणून ही सोय आहे. पहिल्यांदाच जाणाऱ्याने चटईवरून खेळण्यासाठी एवढा प्रवास करू नये. ऑक्टोबरच्या सुरुवातीला डनहिल लिंक्स ही व्यावसायिक स्पर्धा असते, तो आठवडाही टाळा. 2027 च्या जुलैत ओपन चॅम्पियनशिप ही गोल्फची मोठी स्पर्धा सेंट अँड्र्यूजला आहे. त्या उन्हाळ्यात प्रेक्षकांचे मंडप, बंद मैदानं आणि दुप्पट झालेली हॉटेलभाडी गृहीत धरूनच ठरवा.

रविवारी ओल्ड कोर्स खेळासाठी बंद असतो. ही आडकाठी वाटते, पण ज्यांच्या घरात एकच जण गोल्फ खेळतो त्यांच्यासाठी ती मेजवानीच आहे. त्या दिवशी मैदान अक्षरशः बगीचा होतं. लोक कुत्री फिरवतात, मुलं धावतात, अठराव्या होलवरच्या जुन्या दगडी स्विल्कन पुलावर बिनधास्त फोटो काढता येतात. म्हणून शक्य असेल तर सहल रविवारी सुरू करा.

हँडिकॅपचा कागद

ओल्डवर खेळायला अधिकृत हँडिकॅप इंडेक्स, म्हणजे खेळाडूची पातळी सांगणारा आकडा, लागतो, आणि तो 36 पेक्षा जास्त चालत नाही. 36 म्हणजे प्रत्येक होलला पारपेक्षा, म्हणजे त्या होलसाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा, दोन फटके जास्त. नियमित खेळणाऱ्याला हे जड नाही, पण ‘मी ऑफिसच्या लोकांबरोबर कधीतरी खेळतो’ एवढ्यावर भागत नाही. स्टार्टर, म्हणजे टीवर डाव सुरू करून देणारा कर्मचारी, कागद किंवा अॅपवरची नोंद पाहतो. नाव जुळतं का तेही पाहतो, म्हणून फोटो असलेलं ओळखपत्र जवळ ठेवा.

भारतात हा इंडेक्स भारतीय गोल्फ संघाशी संलग्न असलेल्या क्लबमार्फत मिळतो. चेंबूरचं किंवा येरवड्याचं मैदान ज्यांचं नेहमीचं आहे त्यांनी निघण्याच्या दोन-तीन महिने आधी क्लबच्या कार्यालयात विचारून खेळलेल्या डावांची गुणकार्डं जमा करून घ्यावीत. ज्याची कार्डं जमाच नाहीत त्याचा इंडेक्स एका रात्रीत होत नाही. इंग्लंडात राहणाऱ्या आणि कुठल्याच क्लबचे सभासद नसलेल्यांना ‘आयगोल्फ’ ही वर्गणीची योजना आहे, तिच्यातून अधिकृत इंडेक्स मिळतो. बाकीच्या मैदानांसाठी ही अट नाही, फक्त ओल्डसाठी आहे.

भारतीय पारपत्र असेल तर ब्रिटनचा पर्यटक व्हिसा लागतो. त्याला साधारण तीन आठवडे धरून ठेवा आणि व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारं काहीही आरक्षित करू नका.

सोडत कशी लागते

म्हाडाच्या सोडतीची सवय असलेल्यांना ही पद्धत लगेच कळेल. फरक एवढाच की इथे अनामत रक्कम भरावी लागत नाही. नाव टाकायला पैसे नाहीत, नाव लागलं तरच शुल्क.

खेळायच्या दिवसाच्या दोन दिवस आधी दुपारी दोनच्या आत नाव द्यायचं. गुरुवारी खेळायचं असेल तर मंगळवारी दुपारी दोन ही शेवटची वेळ. मंगळवारी खेळायचं असेल तर रविवारी, म्हणजे मैदान बंद असतानाही नाव टाकता येतं. संकेतस्थळावरून, फोनवरून किंवा प्रत्यक्ष जाऊन नोंद करता येते. कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त चार खेळाडूंचा गट लागतो. प्रत्येकाचं नाव, मूळ क्लब आणि हँडिकॅप द्यावं लागतं. त्याच संध्याकाळी निकाल लागतो.

इथे तीन चुका नेहमी होतात. पहिली, चौघांच्या गटातल्या एकाचा हँडिकॅप माहीत नसतो आणि तो शोधताना दोन वाजून जातात. हे तपशील घरूनच फोनमध्ये लिहून न्या. दुसरी, भारतातून नाव टाकताना वेळेचा घोळ होतो. उन्हाळ्यात ब्रिटन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, म्हणजे तिथले दुपारचे दोन म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा. तिसरी चूक म्हणजे एकदाच नाव टाकून गप्प बसणं. प्रत्येक दिवसाची सोडत स्वतंत्र असते, काल लागली नाही म्हणून आज शक्यता वाढत नाही, पण पाच दिवस रोज टाकलं तर संधी पाच मिळतात.

एकट्या खेळाडूसाठी वेगळी व्यवस्था आहे. पूर्वी एकटे लोक मध्यरात्रीपासून थंडीत रांगेत बसायचे. 2024 पासून ती प्रथा बंद झाली. आता आदल्या दिवशी प्रत्यक्ष जाऊन नाव नोंदवायचं. दोन किंवा तीन जणांच्या गटात जागा उरली असेल तर तिथे एकट्यांना सोडतीने बसवतात. जोडीदार खेळत नसेल अशांसाठी हाच मार्ग. यात गंमत अशी की कोणाबरोबर खेळणार हे सकाळपर्यंत माहीत नसतं. कोणी अबर्डीनचा निवृत्त मास्तर असतो, कोणी कोरियाहून आलेला डॉक्टर.

सोडतीवर विसंबायचं नसेल तर पुढच्या वर्षासाठीचे आगाऊ अर्ज ट्रस्ट आदल्या वर्षाच्या उत्तरार्धात घेतो. तेही सगळ्यांना मिळत नाहीत. हमखास वेळ देणारी पॅकेजं अधिकृत सहल कंपन्या विकतात, त्यांची यादी ट्रस्टच्या संकेतस्थळावर असते. त्या यादीत नसलेला कोणी ‘माझ्याकडे ओल्डची वेळ आहे’ म्हणत असेल तर त्याला पैसे देऊ नका.

दराचा अंदाज असावा म्हणून सांगायचं तर 2024 च्या हंगामात ओल्डची एक फेरी 320 पौंडांची होती, आणि दर वर्षागणिक वाढतच आहेत. एका पौंडाला शंभरावर रुपये पडतात, तेव्हा हिशेब तुम्हीच करा.

पाच दिवसांची आखणी

एका रात्रीत काही साधत नाही. चार रात्री, जमल्यास पाच ठेवा. आखणी साधारण अशी.

रविवारी पोहोचा. मंगळवारच्या सोडतीसाठी दुपारी दोनच्या आत गाडीतूनच नाव टाका. संध्याकाळी सगळ्यांना घेऊन ओल्डवर चालत जा. खेळणाऱ्याने ही फेरी फुकट घालवू नये, बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, कुठे आहेत ते पाहून घ्यावं. टीवरून ते दिसतच नाहीत.

सोमवारी दुपारी दोनच्या आत बुधवारचं नाव टाका आणि दुपारी हलकं काहीतरी खेळा. मंगळवारपासून दुपारी उशिराच्या वेळा इतर मैदानांवर आधीच आरक्षित करून ठेवा. दुपारी उशिरा का? ओल्डची सोडत लागली आणि वेळ सकाळची मिळाली तर आरक्षण मोडावं लागत नाही. रद्द करण्याच्या अटी आरक्षण करतानाच वाचा.

ओल्डशेजारीच 1895 चा न्यू कोर्स आहे. नाव ‘नवा’, वय सव्वाशेच्या वर. जाणकारांपैकी कितीतरी जण खेळ म्हणून न्यू कोर्सला जास्त मार्क देतात, कारण तिथे खड्डे आणि उंचवटे सरळ डोळ्यांसमोर असतात, ओल्डसारखी लपाछपी नाही. 1897 चा जुबिली समुद्राला सगळ्यात जवळ आणि वाऱ्यात सगळ्यात कठीण. 1914 चा ईडन त्या मानाने सौम्य. 1993 चा स्ट्रॅथटायरम मध्यम खेळाडूंसाठी चांगला. गावाबाहेर कड्यावर 2008 मध्ये झालेला कासल कोर्स देखणा, पण चढउतार भरपूर, गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करून जावं.

नुकतंच शिकणाऱ्यांसाठी आणि मुलांसाठी बालगोव्ह हे नऊ होलचं मैदान आहे. कुणी घाई करत नाही, शुल्क हलकं.

आणि कधीच काठी हातात न धरलेल्यांसाठी ‘हिमालया’. हे नाव खरंच आहे. ओल्डच्या पहिल्या होलजवळ 1867 साली बायकांच्या पटिंग (चेंडू जमिनीवरून होलमध्ये ढकलणं) क्लबसाठी तयार केलेलं हे उंचसखल ग्रीन, म्हणजे होलभोवतीचं अगदी बारीक कापलेलं गवत. त्या काळी बायकांनी काठी खांद्यावर उगारणं सभ्य मानलं जात नसे, म्हणून पटिंगच. आज थोडंसं शुल्क देऊन कोणीही खेळू शकतं. चेंडू आणि पटर, म्हणजे पटिंगची काठी, तिथेच मिळतात. आजी-आजोबांपासून सहा वर्षांच्या मुलापर्यंत सगळ्यांना तासभर हसवणारी ही जागा आहे. तीन फुटांचा पट उंचवट्यावरून वळून पुन्हा पायाशी येतो, तेव्हा कुणाचाच अहंकार उरत नाही.

पोहोचायचं कसं, राहायचं कुठे

सेंट अँड्र्यूजला स्वतःचं रेल्वे स्थानक नाही, ते 1969 मध्ये बंद झालं. जवळचं स्थानक लूखर्स, आठ-नऊ किलोमीटरवर. एडिनबर्ग वेव्हर्लीहून डंडी किंवा अबर्डीनकडे जाणारी गाडी धरली की तासाभरात लूखर्स. उजव्या बाजूला बसलात तर फोर्थ पूल ओलांडल्यावर समुद्र दिसत राहतो. लंडनच्या किंग्ज क्रॉसहून अबर्डीनला जाणाऱ्या काही थेट गाड्याही लूखर्सला थांबतात. स्थानकाबाहेर 99 क्रमांकाची बस येते आणि पंधरा-एक मिनिटांत गावात सोडते. गोल्फची लांब बॅग बसमध्ये चालते, पण गर्दीच्या वेळी उभी धरावी लागते.

खेळाचं सामान भारतातून न्यायचं की नाही हा प्रश्न दरवेळी पडतो. एक-दोन फेऱ्यांसाठी नेऊ नका. विमानाचं जादा सामान, टॅक्सीत न मावणारी बॅग आणि हॉटेलचा अरुंद जिना यांपेक्षा भाड्याचा सेट स्वस्त पडतो. ट्रस्टकडे भाड्याने चांगले सेट मिळतात. डावखुरे असाल किंवा उंची वेगळी असेल तर आधी कळवा. बूट मात्र स्वतःचे न्या, प्लॅस्टिकच्या मऊ खिळ्यांचे किंवा बिनखिळ्यांचे. धातूचे खिळे चालत नाहीत.

गावातली हॉटेलं उन्हाळ्यात महाग असतात, त्यातही विद्यापीठाच्या उन्हाळी पदवीदानाच्या दिवसांत खोली मिळणं कठीण. हे विद्यापीठ 1413 चं आहे, आणि सुट्टीत त्याची काही वसतिगृहं पाहुण्यांना भाड्याने देतात. साधी, स्वच्छ आणि मैदानापासून चालत जाता येईल अशी. नाहीतर डंडीत राहा. वीस-एक किलोमीटरवर, भाडी कमी, आणि तीच 99 क्रमांकाची बस दोन्ही गावं जोडते.

सामानात काय हवं

छत्री नेऊ नका. तिथल्या वाऱ्यात ती तिसऱ्या होललाच उलटी होते. कोकणात जुलैत समुद्रावर उभं राहिल्यावर पाऊस जसा आडवा येतो, तसाच तिथला. वरून जलरोधक जाकीट, खाली जलरोधक पँट. आतून एक लोकरी किंवा फ्लीसचा थर, जो काढता-घालता येतो. कानावर ओढता येईल अशी विणलेली टोपी. पावसातले हातमोजे दोन; भिजल्यावर पकड जास्त घट्ट बसणारे मोजे वेगळे मिळतात, तेच घ्या. सहा ते बारा चेंडू, गॉर्सच्या काटेरी झुडपात ते जातातच. टॉवेल प्लॅस्टिकच्या पिशवीत. खाण्यासाठी थेपले, चिक्की, राजगिऱ्याची वडी खिशात ठेवा. नवव्या-दहाव्या होलच्या आसपास छोटं उपाहारगृह आहे, पण शाकाहाराच्या भरवशावर राहू नका.

ओल्डवर चालतच खेळावं लागतं. साधारण सपाट असली तरी जमीन पावलोपावली खालीवर आहे आणि एका फेरीत आठ-दहा किलोमीटर होतात. बग्गी तिथे सर्रास मिळत नाही. वैद्यकीय कारण असेल तर प्रवासाआधी ट्रस्टला लिहून विचारा, आयत्या वेळी टीवर विनंती करण्यात अर्थ नाही. इतर मैदानांवर कुठे बग्गी मिळते तेही आरक्षणाच्या वेळी विचारून घ्या.

कॅडी, म्हणजे बॅग उचलणारा आणि वाट सांगणारा सोबती, घ्यावा का? पहिल्यांदा ओल्ड खेळणाऱ्याने घ्यावा, हे आमचं ठाम मत. एकशेबारा बंकर आहेत आणि त्यातले बरेच टीवरून दिसत नाहीत. कॅडी आधी आरक्षित करा, बक्षिशीसाठी रोख नोटा ठेवा, आणि तुमचा खरा हँडिकॅप सांगा. स्वतःला मोठा खेळाडू सांगणाऱ्याला तो लांबचा, धोक्याचा मार्ग दाखवतो आणि मग अठरा होल पस्तावावं लागतं.

खेळताना

वेळेआधी किमान अर्धा तास स्टार्टरकडे हजर राहा. उशीर झाला तर तुमची जागा दुसऱ्याला जाते. पहिल्या टीवर माणसं उभी असतात, पर्यटक फोटो काढत असतात, आणि पाय लटपटतात. पण समोरचा फेअरवे जगातल्या सगळ्यात रुंद फेअरवेंपैकी एक आहे, कारण पहिला आणि अठरावा होल एकाच पट्ट्यात आहेत. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारणारी काठी, काढायची गरज नाही. 376 यार्डांचा होल आहे आणि ग्रीनच्या अगदी तोंडाशी स्विल्कन ओढा आहे. मधला आयर्न (मध्यम अंतराची लोखंडी काठी) मारा, ओढ्याच्या अलीकडे थांबा, तिसऱ्या फटक्यात ग्रीनवर या. ओढ्यात गेला तर एक फटका दंड.

मग एक सूत्र पक्कं लक्षात ठेवा. डावीकडे मारा. ओल्ड घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने खेळला जातो. जाताना आणि येताना दोन्ही वेळी मैदानाचा मधला भाग तुमच्या डाव्या हाताला असतो, आणि उजवीकडे गॉर्स, कुंपण किंवा हद्दीबाहेरची जागा. आपल्याकडचे बहुतेक हौशी उजव्या हाताने खेळणारे चेंडू उजवीकडेच वळवतात, म्हणून त्यांना हे मैदान निर्दयी वाटतं. डावीकडे मारला तर ग्रीनचा कोन थोडा अवघड होतो, पण चेंडू सापडतो. चेंडू शोधायला तीन मिनिटं मिळतात. हरवला असेल असं वाटलं की निघण्याआधीच तात्पुरता दुसरा चेंडू ‘प्रोव्हिजनल’ म्हणून जाहीर करून मारा.

वारा समोरून असेल तर नेहमीपेक्षा एक-दोन पायऱ्या लांब मारणारी काठी घ्या, पकड इंचभर खाली सरकवा, चेंडू पायांच्या मध्यापासून थोडा मागे ठेवा आणि तीन-चतुर्थांश झोका घ्या. जोरात मारल्याने चेंडू जास्त फिरतो आणि वर उडतो, वारा मग तो हवा तिथे नेतो. चेंडू जमिनीजवळ ठेवायचा. जमीन टणक असते, त्यामुळे ग्रीनच्या बाहेर वीस-तीस यार्डांवरूनही पटरने खेळणं शहाणपणाचं. वेजने उंच उडवायचा मोह आवरा. गवत इतकं कापलेलं असतं की वेज आपटून उडते आणि चेंडू ग्रीनपलीकडे जातो.

ग्रीन्सची मजा वेगळीच. सात ग्रीन्स जोडग्रीन आहेत, म्हणजे एकाच ग्रीनवर दोन झेंडे. जोडीची बेरीज नेहमी अठरा: दुसरा आणि सोळावा, पाचवा आणि तेरावा, आठवा आणि दहावा. पहिला, नववा, सतरावा आणि अठरावा यांची ग्रीन्स स्वतंत्र. जाताना पांढरे झेंडे, परतताना लाल. घाईत दुसऱ्याच झेंड्यावर मारणारे लोक रोज दिसतात, आणि मग पन्नास यार्डांचा पट उरतो.

बंकर मातीच्या भिंतीसारखे उभे असतात. जुन्या काळी मेंढ्या वाऱ्यापासून आडोसा घेत त्या खळग्यांतले काही खळगे असे बनले, असं मानतात. चेंडू समोरच्या भिंतीशी असेल तर पुढे मारायचा हट्ट सोडा. बाजूला किंवा मागे काढा. बाहेर येणं जमत नसेल तर नियमांनी दोन फटके दंड घेऊन बंकरबाहेर मागच्या रेषेवर चेंडू टाकता येतो. चौदाव्या होलचा ‘हेल बंकर’ तर माणूसभर खोल आहे. अशा ठिकाणी डाव बरबाद होऊ नये म्हणून स्टेबलफर्ड पद्धतीने खेळा: पारला दोन गुण, एक फटका जास्त झाला तर एक, त्याहून जास्त झाला तर शून्य आणि चेंडू उचलायचा. रांगही पुढे सरकते.

फक्त दोन पार-तीन होल आहेत, आठवा आणि अकरावा. अकराव्यावर ग्रीनपुढे हिल आणि स्ट्रॅथ हे दोन बंकर आहेत आणि ग्रीन पुढे उतरतं आहे. ग्रीनच्या पलीकडे थांबलात तर खाली पट करताना चेंडू बंकरपर्यंत जाऊ शकतो. ग्रीनच्या मध्यावर पडेल एवढाच मारा.

सतराव्याला टीवरून हॉटेलाच्या इमारतीच्या कोपऱ्यावरून मारायचा असतो. जुन्या रेल्वेच्या शेडची ती जागा. थोडाही उजवीकडे गेला तर हद्दीबाहेर. हँडिकॅप वीसच्या वर असेल तर डावीकडे सुरक्षित मारून होल पाच फटक्यांचा धरा. ग्रीनसमोर डावीकडे रोड बंकर, मागे रस्ता आणि दगडी भिंत. रस्ता हद्दीच्या आत आहे, चेंडू तिथे थांबला तर डांबरावरूनच मारावा लागतो. मनगटाला झटका बसतो, मध्यम हँडिकॅपच्या खेळाडूंनी रस्त्यावर पटरच वापरावा.

मध्येच मैदान ओलांडणारे लोक दिसतील. गावातून समुद्राकडे जाणारी वाट पहिल्या आणि अठराव्या फेअरवेवरून जाते, आणि तिच्यावर लोकांचा हक्क आहे. ते पार होईपर्यंत थांबा. तरी चेंडू कुणाकडे निघालाच तर ‘फोर!’ असं मोठ्याने ओरडा, लाजू नका.

अठराव्याच्या टीवर क्लबघराच्या घड्याळाकडे निशाण धरा. उजवीकडे कुंपणापलीकडे गावचा रस्ता आणि दुकानं, तिकडे गेला तर हद्दीबाहेर. स्विल्कन पुलावर फोटो काढा, पण मागचा गट टीवर उभा असतो, तेव्हा एकच काढा. 357 यार्डांचा हा होल लांबीने सोपा, पण ग्रीनच्या पुढच्या डाव्या कोपऱ्याशी ‘व्हॅली ऑफ सिन’ हा खोलगट भाग आहे. चेंडू तिथे अडकला की पटरनेच खेळा, आणि वाटतो त्यापेक्षा अर्ध्यापट जास्त जोर द्या. कमी पडला तर तो चढ चढून परत पायांशी येतो, आणि पलीकडच्या कठड्याला टेकून पाहणारी चार-दोन माणसं तरी हमखास हसतात.